रोड टॅक्स भरतो, मग टोल कशाला? राज्याच्या रस्त्यांचा पैसा नक्की येतो कुठून

मैलाचा दगड (धागाकर्ता)

टोलचा विषय निघाला की शीर्षकातलं वाक्य कोणी ना कोणी टाकतंच. मीही वर्षानुवर्षं टाकत आलोय. मग म्हटलं, आपण भरतो तो 'रोड टॅक्स' जातो कुठे ते एकदा बघावं. बघितल्यावर जरा थंडच पडलो.

एकतर कायद्यात 'रोड टॅक्स' नावाचं काही नाहीच. आपल्याकडचा कायदा आहे तो मोटार वाहन कराचा, १९५८ सालचा. म्हणजे कर गाडीवर आहे, रस्त्यासाठी नाही. आरटीओत भरलेली रक्कम राज्याच्या एकत्रित निधीत जाते. त्याच हौदात दारूवरचं उत्पादन शुल्क पडतं, मुद्रांक शुल्क पडतं, जीएसटीतला वाटा पडतो. विधिमंडळाच्या मंजुरीने त्यातून पैसा निघतो तेव्हा कुठला रुपया कुठून आला होता हे कोणी विचारत नाही. शिक्षकांचा पगार त्यातूनच, पाटबंधारे त्यातूनच, खड्डे बुजवणंही त्यातूनच.

घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीची पानं चाळली. नोंद १३ म्हणजे रस्ते आणि पूल, ५४ म्हणजे पेट्रोल-डिझेलच्या विक्रीवरचा कर, ५७ वाहनांवरचा, ५९ पथकर. हत्यारं तशी बरीच आहेत. तरी मोठा रस्ता बांधायचा म्हटलं की प्रत्येक राज्य कर्ज काढतं नाहीतर टोल लावतं. असं का? जाणकारांनी लिहावं. राजकीय चिखलफेक नको, तिच्यासाठी वेगळे धागे आहेत.

खडीमुरूम

वाचतोय. एक दुरुस्ती. सगळेच रस्ते राज्याचे नसतात. राष्ट्रीय महामार्ग केंद्राचे. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग साधारणपणे सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, खालचे जिल्हा परिषदेकडे, शहरातले महापालिकेकडे. आपण शिव्या सरसकट एकालाच घालतो हा भाग वेगळा.

आकडेमोड

चांगला धागा. मूळ गोंधळ असा की आपण दोन प्रश्न एकाच पोत्यात कोंबतो. पैसा कोण देणार हा एक प्रश्न, पैसा कधी मिळणार हा दुसरा.

कर्जरोखे, बँकांचं कर्ज, बीओटी (कंत्राटदाराने बांधायचं, ठरावीक वर्षं टोल घ्यायचा, मग सरकारला परत द्यायचं), हायब्रीड ॲन्युइटी ही सगळी दुसऱ्या प्रश्नाची उत्तरं. रस्ता आज हवा आणि पैसे २० वर्षांत जमणार, तर मधलं अंतर कोणीतरी भरून काढतं आणि त्याचं व्याज घेतं. शेवटी पैसे देणारे दोघंच उरतात, रस्ता वापरणारा किंवा करदाता. तिसरा कोणी नाही. 'खासगी गुंतवणुकीतून रस्ता' अशी बातमी आली की मी आधी शोधतो की परतफेड टोलमधून आहे की तिजोरीतून.

हायब्रीड ॲन्युइटीचंच घ्या. राष्ट्रीय महामार्गांच्या नमुन्यात सरकार ४० टक्के रक्कम बांधकाम चालू असताना देतं. उरलेली ६० टक्के कंत्राटदार उभी करतो आणि सरकार ती पुढे साधारण १५ वर्षं हप्त्यांनी, व्याजासकट फेडतं. हे कर्जच आहे, फक्त ते कंत्राटदाराच्या नावावर बसतं. म्हणून राज्यांना ही पद्धत गोड लागते.

मैलाचा दगड

म्हणजे गृहकर्ज काढून घर घेतलं आणि 'बँकेने घर दिलं' म्हणत फिरायचं, तसं.

आकडेमोड

अगदी.

जुनं दप्तर

इतिहासातला एक तुकडा देतो. इंधनावर कर घेऊन तो रस्त्यांसाठी बाजूला ठेवायचा ही कल्पना आपल्याकडे शंभरेक वर्षांची आहे आणि तिच्यामागे मराठी माणूस आहे. मुकुंदराव जयकर. १९२७ साली त्यांच्या अध्यक्षतेखाली रस्तेविकास समिती नेमली गेली. समितीने पेट्रोलवर जादा कर घेऊन वेगळा निधी करावा असं सुचवलं आणि १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. पुढे २००० साली त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. २०१८ मध्ये नावात 'पायाभूत सुविधा' आली आणि त्याबरोबर खर्चाचं तोंडही रुंदावलं. आता तो निधी फक्त रस्त्यांचा राहिलेला नाही.

वळणावळणाने

दप्तरकाका, अमेरिकेतही साधारण तोच काळ. ऑरेगन राज्याने फेब्रुवारी १९१९ मध्ये पेट्रोलवर गॅलनमागे १ सेंट कर लावला, तिथला तो पहिला. दहा वर्षांत तेव्हाच्या सगळ्या ४८ राज्यांनी तो उचलला. लोकांनी फारशी खळखळही केली नाही, कारण पैसा रस्त्यावर लागताना डोळ्यांना दिसत होता. ऑरेगनच्या राज्यघटनेत तर हा पैसा रस्त्यांशिवाय कुठे वळवायचा नाही असं बंधनच आहे. इलिनॉयच्या मतदारांनी २०१६ मध्ये त्यांच्या राज्यघटनेत अशीच दुरुस्ती केली. तिला बोलीभाषेत 'कुलूपबंद पेटी' म्हणतात.

आपल्याकडे असं कुलूप का नको?

आकडेमोड

कुलूप लावलं की पेटीबाहेरच्यांची उपासमार. दुष्काळ पडला, रस्त्याच्या पेटीत पैसा पडून आहे आणि चारा छावण्यांना नाही, तर? महाराष्ट्रात २०१५ साली दुष्काळासाठी म्हणून पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे २ रुपये अधिभार बसवला होता, हे आठवत असेल. इंधनावरचा कर झटपट वसूल होतो. म्हणून अडीअडचणीला सगळे त्याच्याच खिशात हात घालतात.

मिसळपाव वकील

रोजगार हमीसाठी १९७५ पासून आपण व्यवसाय कर भरतोय. पगारपत्रकात दर महिन्याला कापला जातो. तो कशासाठी सुरू झाला हे दहांना विचारा, दोघांना सांगता येईल की नाही शंका आहे.

कायद्याच्या बाजूने थोडं. वाहन कराचा आणि रस्त्याचा काही संबंध हवा की नको, यावर सर्वोच्च न्यायालयात अर्धशतक खल झालाय. १९६२ च्या राजस्थानच्या खटल्यात न्यायालयाने म्हटलं होतं की रस्त्याच्या सोयीची भरपाई म्हणून घेतलेला कर व्यापाराच्या स्वातंत्र्याआड येत नाही. यालाच 'भरपाई कर' म्हणत. त्यामुळे राज्यांना कर आणि सोय यांची थोडी तरी सांगड दाखवावी लागे. नोव्हेंबर २०१६ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने जिंदाल स्टेनलेस खटल्यात हा सिद्धान्तच मोडीत काढला. कर म्हणजे कर, त्याबदल्यात अमुक सोय दिली हे दाखवायची गरज नाही. धागाकर्त्याच्या शीर्षकातल्या वाक्याचा पाय तिथेच गळाला.

मैलाचा दगड

शीर्षक बदलू का मग? :)

खडीमुरूम

राहू दे. निदान लोक उघडून वाचतात तरी.

आतबट्टा

केंद्र-राज्य भानगड कोणी काढलीच नाही. २०१७ ला जीएसटी आल्यावर राज्यांकडे स्वतःचे म्हणावे असे मोजके कर उरले. इंधन, दारू, मुद्रांक शुल्क, वाहन कर, विजेवरचं शुल्क. म्हणून 'पेट्रोल जीएसटीत आणा' म्हटलं की सत्ताधारी कुठल्याही पक्षाचे असोत, राज्यांचे अर्थमंत्री एका सुरात नाही म्हणतात.

दुसरीकडे केंद्र पेट्रोलवर जे घेतं त्यातला बराचसा भाग उपकर आणि विशेष शुल्क म्हणून असतो. पंधराव्या वित्त आयोगाने वाटून घ्यायच्या करांत राज्यांना ४१ टक्के वाटा दिला खरा, पण उपकर आणि अधिभार त्या वाटणीत येतच नाहीत. २०२१ च्या अर्थसंकल्पात साध्या पेट्रोलवरचं मूळ उत्पादन शुल्क लिटरमागे १ रुपया ४० पैशांवर आणलं. वाटणीला आलं ते तेवढंच. बाकीचे बरेच रुपये वाटणीबाहेर. रस्ते निधीतून राज्यांना काही परत मिळतं, पण ते केंद्राने ठरवलेल्या कामांसाठी.

तेव्हा राज्य कर्जाकडे का वळतं, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

दक्षिणायन

आणि कर्जावरही केंद्राचा हात. केंद्राचं देणं शिल्लक असेल तर अनुच्छेद २९३ प्रमाणे राज्याला नव्या कर्जासाठी केंद्राची संमती लागते. मग राज्यं पळवाट शोधतात. सरकारने कर्ज काढायचं नाही, महामंडळाने काढायचं आणि सरकारने हमी द्यायची.

केरळने हे सगळ्यात उघडपणे केलं. तिथे 'किफबी' नावाचं, पायाभूत सुविधांसाठी पैसा उभारणारं मंडळ आहे. मोटार वाहन कराचा ठरावीक हिस्सा आणि इंधनावरचा लिटरमागे १ रुपया उपकर कायद्यानेच त्याच्याकडे वळवलाय. त्या खात्रीच्या उत्पन्नावर ते कर्ज काढतं. २०१९ मध्ये 'मसाला बाँड' (परदेशात विकायचे रुपयांतले कर्जरोखे) काढून परदेशी बाजारातून २,१५० कोटी रुपये उचलले. मग केंद्र म्हणालं, हे कर्ज तुमचंच, तुमच्या मर्यादेत धरणार. केरळ सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि एप्रिल २०२४ मध्ये प्रकरण घटनापीठाकडे सोपवलं गेलं.

वर कुलूपबंद पेटीवर वाद चाललाय. केरळने पेटी केली आणि ती पेटीच तारण ठेवली.

आकडेमोड

हे वाक्य आवडलं. आणि धोका तिथेच आहे. पुढच्या १५ वर्षांचा वाहन कर आज तारण पडला तर १५ वर्षांनी येणारं सरकार खड्डे कशातून बुजवणार?

घाटमाथा

टोलवर कोणीच लिहीत नाहीये, म्हणून मी लिहितो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग १९९६ साली स्थापन झालेल्या रस्ते विकास महामंडळाने बांधला, २००२ मध्ये पूर्ण खुला झाला. २००४ मध्ये महामंडळाने १५ वर्षांची टोलवसुली एका कंपनीला देऊन ९१८ कोटी रुपये एकदम घेतले. तो करार संपल्यावर २०२० मध्ये पुन्हा १० वर्षांसाठी दिली, या वेळी ८,२६२ कोटींना. तोच साधारण ९५ किलोमीटरचा रस्ता.

दोन्ही आकडे शेजारी ठेवून ओरडू नका. मधे रुपया घसरला, गाड्या कित्येक पटींनी वाढल्या, दुसऱ्या वेळी सगळी रक्कम पहिल्याच दिवशी द्यायची नव्हती. तरीही २००४ मध्ये महामंडळ पैशासाठी अडलेलं होतं आणि अडल्या हरीला भाव मिळत नाही, एवढं त्यातून दिसतं.

वळणावळणाने

याची अमेरिकन जुळी बहीण म्हणजे इंडियाना टोल रोड. त्या राज्याने २००६ मध्ये हा रस्ता ७५ वर्षांच्या भाड्याने देऊन ३.८ अब्ज डॉलर रोख घेतले आणि दहा वर्षांचा रस्ते कार्यक्रम त्यावर चालवला. चालवणाऱ्या कंपनीचे वाहनांचे अंदाज चुकले, कर्जाचा बोजा झेपला नाही, २०१४ मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली. रस्ता दुसऱ्याकडे गेला. राज्याने पैसे आधीच घेतले होते, त्यामुळे राज्य त्या वेळी फायद्यात. ७५ वर्षांचा हिशेब लावायला मात्र आपण कोणी नसणार.

त्याहून वाईट पेनसिल्व्हेनिया. २००७ च्या कायद्याने तिथल्या टर्नपाइक (टोलरस्ता) प्राधिकरणावर दर वर्षी ४५ कोटी डॉलर राज्याच्या परिवहन विभागाला, रस्ते आणि सार्वजनिक वाहतूक दोन्हींसाठी, द्यायची सक्ती केली. बेत असा की आंतरराज्य महामार्ग ८० वर टोल लावायचा आणि त्यातून द्यायचे. केंद्राने त्या टोलला परवानगीच दिली नाही. हप्ता मात्र चालूच. मग प्राधिकरणाने काय केलं? कर्ज काढून हप्ता भरला, कर्ज फेडायला टोल वाढवत गेलं. २०२२ पासून तो हप्ता ५ कोटींवर आला तेव्हा कुठे जरा श्वास मिळाला.

खडीमुरूम

म्हणजे टोल भरणारा बापडा दुसऱ्याच्या बसचं भाडं भरत होता.

वळणावळणाने

हो, पण सार्वजनिक वाहतुकीला पैसा देणं मला गैर वाटत नाही. बस-रेल्वेने जाणारा माणूस रस्त्यावरची एक गाडी कमी करतो. न्यूयॉर्कमध्ये जानेवारी २०२५ पासून मॅनहॅटनच्या दाट भागात गाडी नेली तर गर्दीच्या वेळी ९ डॉलर पडतात. पैसा जातो भुयारी रेल्वे आणि बसला. निदान काय घेतो आणि कशाला देतो हे उघड सांगितलेलं आहे.

लालडबा

आपल्याकडे गंगा उलटी वाहते. एसटीच्या तिकिटातून राज्य सरकार साडेसतरा टक्के प्रवासी कर घेत आलंय, तोही १९५८ च्याच, पण वेगळ्या कायद्याने. वीजगाडी घेणाऱ्याला वाहन कर माफ आणि एसटीत बसणाऱ्यावर कर. नंतर सवलतींची भरपाई म्हणून सरकार एसटीला पैसे देतं, तेही रखडत. एका हाताने घ्यायचं, दुसऱ्या हाताने उशिरा द्यायचं. यावर मी बोलायला लागलो तर धागा भरकटेल, थांबतो.

घाटमाथा

टोलमाफीचंही लिहा कोणीतरी. २०१५ मध्ये राज्याने १२ नाके बंद केले आणि ५३ नाक्यांवर लहान गाड्यांना आणि एसटीला सूट दिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर लहान गाड्यांना माफी. दोन्ही वेळा फटाके वाजले. पण कंत्राटदाराशी करार झालेला असतो, बुडालेलं उत्पन्न त्याला द्यावंच लागतं. म्हणजे आकडेमोड म्हणतात तसं, 'वापरणारा' या खान्यातून रक्कम उचलून 'करदाता' या खान्यात टाकली. ज्याच्याकडे सायकलसुद्धा नाही तोही आता मुलुंडच्या नाक्याचे पैसे भरतो.

आतबट्टा

अर्धं पटलं. पण नाक्यावर रांगेत जळणारं डिझेल आणि जाणारा वेळ यांचाही हिशेब धरा की. शिवाय वसुली किती झाली, खर्च केव्हाच निघाला का, हे लोकांना कधी धड कळलं का? लोक टोलवर चिडत नाहीत, अंधारावर चिडतात.

घाटमाथा

अंधाराबद्दल पूर्ण सहमत.

चटई क्षेत्र

एक खिसा सगळे विसरले: जमीन. रस्ता किंवा मेट्रो आली की आजूबाजूच्या जागांचे भाव चढतात. ती चढ मालकाने कमावलेली नसते, मग तिच्यातला वाटा सरकारने का घेऊ नये? एप्रिल २०२२ पासून मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत घर घेताना मुद्रांक शुल्काशिवाय किमतीच्या १ टक्का जादा लागतो, तो 'मेट्रो अधिभार' याच विचाराचा. जादा चटई क्षेत्रासाठी, म्हणजे त्याच जागेवर जास्त बांधकाम करू देण्यासाठी, घेतलं जाणारं अधिमूल्यही त्यातलंच.

समृद्धी महामार्गात हे वेगळ्या वाटेने झालं. ७०१ किलोमीटर, खर्च सुमारे ५५ हजार कोटी, २०२५ च्या जूनमध्ये शेवटचा टप्पा खुला झाला. त्यात बँकांचं कर्ज आहेच, शिवाय म्हाडा, सिडको, एमआयडीसी अशा राज्याच्याच संस्थांकडूनही पैसा घेतला गेला. या संस्थांकडे पैसा येतो तो मुख्यतः जमिनीतून. म्हणजे मुंबई परिसरातल्या जमिनीने विदर्भ-मराठवाड्यातल्या रस्त्याला हातभार लावला. मला हे आवडलं, पण घरबांधणीसाठीच्या संस्थेचा पैसा रस्त्यात का, हा प्रश्नही रास्त आहे.

रूळ आणि चाक

मी रस्ते बांधणीतला, त्यामुळे पैशापेक्षा रस्ता खराब कोण करतं ते सांगतो. अमेरिकेत इलिनॉयमध्ये १९५८ ते १९६० मध्ये रस्त्यांची मोठी चाचणी झाली, तिच्यातून निघालेला ठोकताळा आजही वापरतात. रस्त्याची झीज साधारणपणे आसावरच्या (ॲक्सलवरच्या) भाराच्या चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट तर झीज सोळापट. मोटारींनी रस्ता जवळजवळ झिजतच नाही, झिजवतात ट्रक.

आता २०१८ चा निर्णय बघा. केंद्राने ट्रकच्या आसभाराची मर्यादा वाढवली. चार टायरच्या एका आसाला १०.२ टन होती ती ११.५ टन झाली. ऐकायला पावणेतेरा टक्के. चौथा घात काढा, झीज ६० टक्क्यांनी जास्त. मालवाहतूक स्वस्त झाली हे खरं, त्याचा फायदा सगळ्यांना होतो हेही खरं. पण मर्यादा ठरवतं केंद्र आणि राज्य मार्गाची डागडुजी करतं राज्य. त्या ६० टक्क्यांचं बिल कोणाच्या नावावर फाडलं?

ऑरेगनमध्ये अवजड ट्रकला डिझेलवर नाही, वजन आणि मैल यांच्या हिशेबाने कर असतो. मला तो सगळ्यात न्याय्य वाटतो.

मैलाचा दगड

हा प्रतिसाद छापून ठेवण्यासारखा. रच्याकने, वीजगाड्यांचं काय? इंधनच नाही तर इंधनावरचा कर कुठला?

वळणावळणाने

सगळीकडे तीच डोकेदुखी. अमेरिकेत केंद्राचा पेट्रोल कर १९९३ पासून १८.४ सेंटवर गोठलेला आहे. महागाई वाढली, गाड्या कमी पितात, आता तर पीतच नाहीत. २००८ पासून महामार्ग निधीत तिजोरीतून ठिगळं लावावी लागताहेत. ऑरेगनने २०१५ मध्ये ऐच्छिक योजना काढली: मैलामागे शुल्क भरा, पेट्रोलवरचा कर त्यातून वजा. ज्यांनी पेट्रोल कर शोधला तेच आता त्याची सोडचिठ्ठी लिहिताहेत.

मिसळपाव वकील

ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्याने २०२१ मध्ये वीजगाड्यांवर किलोमीटरमागे अडीच सेंट शुल्क लावलं होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने (नाव 'हाय कोर्ट') चार विरुद्ध तीन अशा निसटत्या बहुमताने ते रद्द केलं. कारण, मालावरचा उत्पादन शुल्कासारखा कर लावायचा अधिकार तिथे फक्त केंद्राला. आपल्याकडे नोंद ५७ राज्यांकडे असल्यामुळे ती अडचण बहुधा येणार नाही. अडचण राजकीय. २०२५ च्या राज्य अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या वीजगाड्यांवर ६ टक्के कर सुचवला होता, तो महिना संपायच्या आत मागे घेतला. ३० लाखांची गाडी घेणाऱ्याकडूनसुद्धा घ्यायला जीभ रेटली नाही.

लालडबा

आणि एसटीवाल्याकडून साडेसतरा. थांबतो म्हणालो होतो, पण राहवलं नाही.

आतबट्टा

वीजगाड्यांना आत्ता सूट हवीच, नाहीतर घेणार कोण? फक्त ती कधी संपणार याची तारीख पहिल्याच दिवशी लिहून टाकावी. नंतर काढायला गेलं की सवलत हक्क झालेली असते.

मैलाचा दगड

बरंच कळलं. शेवटचं विचारतो. हे सगळं अर्थसंकल्पात कुठे बघायचं? पुस्तकं उघडली की फक्त आकड्यांचं रान दिसतं.

आकडेमोड

लेखाशीर्षांचे, म्हणजे जमाखर्चाच्या सदरांचे, क्रमांक पकडा, देशभर सारखेच असतात. जमेच्या बाजूला ००४१ वाहनांवरचे कर, ००४० विक्रीवरचे कर, इंधनाचा व्हॅट त्यातच. ००३० मुद्रांक आणि नोंदणी. खर्चाच्या बाजूला ५०५४ म्हणजे रस्ते-पुलांवरचा भांडवली खर्च, नवी कामं. आणि ३०५४ म्हणजे महसुली, देखभाल बहुतांशी तिथे. फिती ५०५४ वर कापल्या जातात, खड्डे ३०५४ मध्ये असतात. महामंडळांची कर्जं यात सापडणार नाहीत, त्यांच्यासाठी हमींचं विवरणपत्र वेगळं असतं, ते शेवटी कुठेतरी दडलेलं असतं.

खडीमुरूम

अंदाजाचा रकाना बघून खूश होऊ नका. दोन वर्षांपूर्वीच्या 'प्रत्यक्ष'च्या रकान्याशी ताडून बघा. ३०५४ चं तर नक्कीच.

मैलाचा दगड

खंड उतरवून घेतलेत. ३०५४ पासून सुरू करतो. तीन वर्षांचे आकडे काढून इथेच टाकतो, रविवारपर्यंत वेळ द्या.